विचारल्याशिवाय नाही

३ जून २०२५, मंगळवार. नेवासा

विमा कंपनीचं पत्र आलं. फेब्रुवारीतलं बिल एक लाख शेहेचाळीस हजार. त्यातले एकसष्ट हजार मंजूर. उरलेले पंच्याऐंशी हजार आम्हीच भरले होते, ते गेले. म्हणून ही वही.

मच्छिंद्र संध्याकाळी येऊन गेला. विम्याचा एजंट. माझ्याच हाताखाली दहावी झाला – गणितात पस्तीस. म्हणे, "बाई, लिहून ठेवायचं हुतं. कोन बोललं, कधी बोललं. तोंडी काय धरत न्हाईत हे लोक." तीस वर्षं फळ्यासमोर उभं राहून 'लिहून घ्या' सांगितलं, आणि आता पस्तीस मार्कांचा मुलगा मला हे शिकवतो! आणि बरोबर शिकवतो.

तर लिहिते. रुग्ण – प्रभुदास, माझे यजमान, वय एकाहत्तर. फेब्रुवारीत पित्ताशय काढलं, ते बिल हे. त्याचं पत्र हातात पडायच्या आदल्याच दिवशी, म्हणजे काल, नगरला अँजिओग्राफी झाली. तीन ठिकाणी अडथळे. बायपास करावी लागेल. "दोन महिन्यांच्या आत करून घ्या. त्यापुढे मी काही सांगू शकत नाही," असं डॉक्टर म्हणाले.

पोस्टातली ठेव फेब्रुवारीत मोडली. आता पॉलिसीत चार लाख एकोणचाळीस हजार शिल्लक आहेत, आणि हे घर आहे. दुसरं काही नाही.

ऑपरेशन पॉलिसीतून करायचं. घराला हात लावायचा नाही. ठरलं.

४ जून

पत्र तीनदा वाचलं, लाल पेन्सिल घेऊन. चुका दोन. दोन्ही आमच्या.

पहिली – हॉस्पिटल. आम्ही त्याचं नाव कधी घेतच नाही, 'आपलं हॉस्पिटल' म्हणतो. प्रभुदास तिथे एकतीस वर्षं कंपाउंडर होते. आमची मुलगी जेनिफर तिथेच जन्मली, माझी सासू तिथेच गेली. फेब्रुवारीत यांच्या पोटात कळ आली तेव्हा रिक्षावाल्याला कुठे जायचं ते सांगावंही लागलं नाही. काउंटरवर यांना खुर्ची दिली, चहा आणला, "दादा, तुम्ही कशाला फॉर्म भरता, आम्ही भरतो" म्हणाले. अशा ठिकाणी 'तुम्ही आमच्या कंपनीच्या यादीत आहात ना?' असं कोण विचारतं? सख्ख्या भावाच्या घरी जेवायला बसून ताट धुतलंय का विचारण्यासारखं ते. नाही विचारलं. ते हॉस्पिटल डिसेंबरातच यादीतून गेलेलं होतं. त्यांनीही सांगितलं नाही. दादांना काय सांगायचं, असं त्यांना वाटलं असणार. संकोच दोन्हीकडून, बिल एकाच बाजूला.

दुसरी – खोली. वॉर्डात खाट रिकामी होती. पण प्रभुदास चर्चचे पंच. आमच्या मंडळीत कोणी दवाखान्यात पडलं की सगळ्यांनी खाटेशी जाऊन गीत म्हणायचं, प्रार्थना करायची, ही रीत. वॉर्डात वीस माणसं कशी मावणार? म्हणून स्पेशल रूम. रोजचे साडेचार हजार, नऊ दिवस. पॉलिसीत खोलीची मर्यादा तीन हजार. मला वाटलं, वरचे दीड हजार आपण घालू, त्यात काय! पण तसं नसतं. भाडं मर्यादेच्या वर गेलं की डॉक्टरांची फी, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग – सगळ्याला त्याच प्रमाणात कात्री. तीन भागिले साडेचार. शंभरातले सदुसष्ट त्यांचे, तेहतीस आमचे. आणि उरलेली कपात यादीबाहेरचे दर म्हणून.

हे सगळं पॉलिसीच्या अकराव्या पानावर छापलेलं आहे. पॉलिसी सहा वर्षं कपाटात होती. प्लास्टिकच्या पिशवीतून मी ती काढलेली नव्हती. गणिताची बाई!

५ जून

यांना जिना बंद, मीठ बंद, सायकल बंद. थट्टा चालू.

९ जून, सोमवार

कंपनीचा फुकटचा नंबर. १०.१२ ला लावला. वीस मिनिटं बासरी ऐकवली. मग एक मुलगी. नाव विचारलं तर म्हणाली, "मॅम, नाव कशाला?" म्हटलं, "वहीत लिहायला." दिलं नाही. मग मीही फोन ठेवला नाही. शेवटी कर्मचारी क्रमांक दिला – तो मागच्या पानावर आहे.

"मॅम, लिस्ट वेबसाइटवर आहे."
"आजची?"
"अपडेटेड असते मॅम."
"शेवटची कधी केली?"

गप्प! वर्गात उत्तर येत नसलेली मुलं अशीच गप्प होतात. फक्त ती निदान छताकडे बघतात.

दुपारी जेनिफरनं पुण्याहून यादी वाचून दाखवली, मी लिहून घेतली. नगरमधली सहा नावं. एकेका ठिकाणी फोन लावला. एक बंदच पडलंय. एका ठिकाणी हृदयाचं काही होत नाही, नुसती सोनोग्राफी. एक म्हणे, आमचा करार संपत आलाय, जुलैचं काही सांगता येत नाही. उरली तीन.

जेनिफर फोनवर रडवेली. "मम्मी, मी कर्ज काढते ना." तिचं फ्लॅटचं कर्ज अजून अकरा वर्षं आहे. म्हटलं, तू फक्त यादी वाच.

१२ जून

सकाळच्या एसटीनं नगर. (लिहायचं आता अहिल्यानगर. कंडक्टर 'नगर, नगर' असंच ओरडतो.) प्रभुदासना घरीच ठेवलं. चौकशीला जाताना ते बरोबर नको असतात, समोरच्याची बाजू घेतात.

पहिलं हॉस्पिटल. काचेचं दार, दारात कुंड्या. डॉक्टर नामांकित, यांच्या मित्रानं सुचवलेले. काउंटरवर टाय लावलेला तरुण.

"कॅशलेस आहे ना मॅडम, शंभर टक्के."
"सगळं?"
"सगळं. फक्त सर्जनसाहेबांचं वेगळं."
"वेगळं म्हणजे?"
"ते पुण्याहून येतात. साठ हजार. आणि भूल देणारे पण त्यांचेच असतात, त्यांचं काय असेल ते."
"पावती?"

हसला! मी उभी राहिले तशी त्याचं हसू गेलं. म्हणजे इमारत यादीत आहे, ऑपरेशन करणारा माणूस नाही. टेबल यादीत आहे, सुरी यादीत आहे, सुरी धरणारा हात बाहेरचा. आणि हे विचारल्याशिवाय कोणी सांगणार नाही. विचारलं तर हसून सांगतात.

घरी येऊन यांना सांगितलं. तर म्हणतात, "देऊन टाकू साठ हजार, मरियम. हाताला गुण आहे म्हणे त्यांच्या."
"कुठून देऊ?"
"मागची खोली भाड्याला देऊ. नाहीतर घरच..."

पुढचं बोलू दिलं नाही. या घराच्या भिंतीवर यांनी दिवाळीच्या सुट्टीत स्वतः पाणी मारलंय. मी विटा मोजल्यात.

१७ जून

दुसरं हॉस्पिटल. जुनी इमारत, फरशी धुतलेली. विम्याच्या टेबलावर दिपाली नावाची मुलगी. काष्टीची. सव्वीस-सत्तावीस वर्षांची, तोंडात पेनाचं टोपण. मी वही उघडून बसले तशी म्हणाली, "मॅडम, तुमी इन्स्पेक्शनला आल्या का?"

पण उत्तरं सरळ दिली. सर्जन हॉस्पिटलचेच, पगारी. भूल देणारे दोघे, दोघंही करारात. पॅकेज तीन लाख चाळीस हजार, सगळं धरून. मी म्हटलं, सगळं म्हणजे काय ते एकेक सांग. तिनं एकेक सांगितलं. काय नाही तेही न विचारता सांगितलं – हातमोजे, डायपर, जेवण, फाइलचे पैसे. हे कंपनी देत नाही, दोन-तीन हजार खिशातून जातील. मला मुलगी आवडली. जी 'काय नाही' ते आधी सांगते तिच्यावर विश्वास ठेवावा.

आणखी एक सांगितलं, ते मी शब्दाला शब्द उतरवून घेतलं. "आता यादीबाहेरच्या हॉस्पिटलातबी कॅशलेस मागता येतं, मॅडम. ठरवून ऑपरेशन आसल तर अठ्ठेचाळीस तास आधी कळवायचं. अचानक आसल तर दाखल झाल्यापासून अठ्ठेचाळीस तासांच्या आत. कंपनी हो म्हनली तर. पन कळवावं लागतं."

कळवावं लागतं. फेब्रुवारीत नऊ दिवस होते. एक फोन.

खोली – दोन खाटांची, दोन हजार सहाशे. तीच घेतली.

१८ जून

शेजारची जयमाला तिची पॉलिसी घेऊन आली, "तुमच्यासारखं मलाबी बघून द्या." अकरावं पान काढायला लावलं. तिच्यात ते चौदाव्या पानावर निघालं.

२२ जून, रविवार

आज वाईट झालं.

उपासना संपल्यावर पाळकसाहेबांनी यांच्या ऑपरेशनची सूचना दिली. जस्टिन – हाही पंच, साखर कारखान्यातून रिटायर, आवाज भोंग्यासारखा – उठून म्हणाला, "गाडी करू. सगळेच जाऊ. दादांना एकटं पडू द्यायचं न्हाई." टाळ्या! मी उठले. बोलायचं ठरवलेलं नव्हतं, पण उठले. म्हटलं, कोणीही यायचं नाही. दोन खाटांची खोली आहे, शेजारी दुसरा रुग्ण आहे. मागच्या वेळी तुमच्या प्रेमापायी स्पेशल रूम घेतली, तिची किंमत आम्ही भरली. प्रार्थना घरून करा, पोचते.

 पाळकसाहेब पुस्तकाची पानं चाळत राहिले.

प्रभुदास वाटेत बोलले नाहीत. जेवताना बोलले नाहीत. संध्याकाळी ओट्यावर बसून, माझ्याकडे न बघता – "एकतीस वर्षं मी लोकांच्या खाटेशी उभा राहिलोय, मरियम. हिंदू बघितला नाही, मुसलमान बघितला नाही. गोळी देऊन झाली की हात धरून उभा राहायचो. मला मरायची भीती नाही वाटत. भिंतीकडे तोंड करून पडायची वाटते."

मी ताक आणून दिलं. ताकात मीठ नव्हतं, ते मुकाट्यानं प्यायले.

२३ जून

बोलणं बंद. आमचं. दोघांचं.

२४ जून

पुन्हा नगर. या वेळी प्रभुदास बरोबर, तपासणी होती. एसटीत खिडकीची जागा यांना दिली. "आभारी आहे, हेडबाई," म्हणाले. म्हणजे बोलणं सुरू.

तपासणी झाली आणि मी माझं पत्र काढलं. दोन रात्री बसून लिहिलेलं, फुलस्केपवर, समास सोडून. ऑपरेशनला हात लावणाऱ्या प्रत्येक डॉक्टरचं नाव आधी लेखी मिळावं. खोली तीच राहावी. बदलायची तर मला सांगून. आणि शेवटचं, अधोरेखित – कंपनीच्या पॅनेलवर नसलेल्या कोणत्याही डॉक्टरला माझी लेखी परवानगी घेतल्याशिवाय बोलावू नये. विचारल्याशिवाय नाही.

दिपालीनं वाचलं. टोपण तोंडातून काढलं आणि शेवटच्या ओळीपुढे पेन्सिलनं लिहिलं – 'तातडीची वेळ सोडून.'

मी पट्टी मागितली. ओळ सरळ खोडली.

"मॅडम, राहू द्या ना एवढं. सगळेच ठेवतात."
"सगळ्यांची बिलं मी पाहिली आहेत. फेब्रुवारीच्या बिलात 'तातडीची भेट' नऊ वेळा आहे. त्यातल्या एका भेटीला हे खाटेवर बसून शेंगदाणे खात होते."

तिला हसू आलं, पण मान हलवत राहिली. ते पत्र घेऊन मोठ्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी चष्मा वर करून वाचलं.

"तुम्ही वकील आहात का?"
"शिक्षिका. निवृत्त."
"मग ठीक आहे," म्हणाले – कशाला ठीक कोण जाणे – आणि सही केली. शिक्का. तारीख. एक प्रत फाइलला, एक प्रत मला. शिवाय दिपालीनं फाइलच्या वरच लाल कागद चिकटवला: 'नातेवाइकांना विचारल्याशिवाय बाहेरचे डॉक्टर नाहीत.' म्हटलं, हे झ्याक केलंस.

प्रभुदास बाकावर बसून सगळं बघत होते. बाहेर आल्यावर म्हणाले, "तुझ्या हाताखाली मी शाळेत नव्हतो, ही देवाची कृपा."

उसाचा रस घेतला. अर्धा-अर्धा. यांना साखर चालते.

१ जुलै

मंजुरीसाठी कागद कंपनीकडे गेले. चौदा पानं. यांच्या आधार कार्डावरचा फोटो कैद्यासारखा.

३ जुलै

कंपनीची शंका आली. रक्तदाब कधीपासून?

याचं कारण आमचे प्रभुदास! तपासणीच्या वेळी कनिष्ठ डॉक्टरला सांगून बसले, "बीपी? अहो, वीस वर्षांचा दोस्त आहे तो." तिनं तसंच लिहिलं. पॉलिसी सहा वर्षांची. आधीचा आजार लपवला असं धरलं तर सगळाच दावा नाकारतात. मच्छिंद्रचा चेहरा पडला. "बाई, तवा मीच म्हनलो हुतो ना, बीपी लिहू नका, हप्ता वाढंल..."

म्हणालास. मी ऐकलं नाही. फॉर्मची प्रत काढली – रकाना नऊ, माझ्या अक्षरात: उच्च रक्तदाब, सन २००५ पासून, रोज एक गोळी. हप्ता वाढला होता, दरवर्षी दोन हजार तीनशे. सहा वर्षं मी त्यावरून कुरकुर केली. आज ती प्रत पाठवली.

मच्छिंद्र म्हणाला, "बाई, मला तवा पस्तीसच्या वर एकबी मार्क का दिला न्हाई ते आता कळलं."

८ जुलै

मंजुरी! तीन लाख चाळीस हजार. कागद दोनदा वाचला. मग यांना वाचून दाखवला. मग जेनिफरला. तारीख सतरा, गुरुवार. चौदाला दाखल व्हायचं.

खूप दिवसांनी पुरण केलं. यांना चमचाभर.

१० जुलै

यांना रात्री उशीला टेकून बसूनच झोप लागते. काल दोनदा उठून श्वास चालू आहे ना बघितलं. हे वहीत लिहायचं कारण नाही. लिहिलं.

१४ जुलै, सोमवार. नगर

दाखल. खोली तीच, भाडं तेच, लेखी घेतलं. शेजारच्या खाटेवर गोरक्षनाथ म्हणून पाथर्डीकडचे गृहस्थ, बायपास होऊन पाच दिवस झालेले. छातीशी उशी धरून बसतात. बोलायला लागले की थांबत नाहीत.

"काय न्हाई हो दादा. झोपायचं. उठलं की झालं. खोकला आला की उशी आवळायची. मी तर आमच्या सुनंचं नाव घेऊन आवळतो!"

प्रभुदास इतके हसले की नर्स धावत आली. दुपारपर्यंत या दोघांनी तालुके, पाहुणे, विहिरी, मेलेले ओळखीचे असं सगळं काढलं. गोरक्षनाथांना रात्रीची गोळी गिळता येत नाही. यांनी एकतीस वर्षांच्या सवयीनं ती चुरून पाण्यातून दिली. नर्सनं दोघांनाही झापलं.

दोन खाटांची खोली मी दोन हजार सहाशेसाठी घेतली होती. भिंतीकडे तोंड करायला यांना वेळच मिळालेला नाही.

१५ जुलै

आले. सांगूनही आले. सकाळी खिडकीतून पाहिलं तर खाली पार्किंगमध्ये टेम्पो, आणि टेम्पोतून उतरताहेत आमची मंडळी – एकोणीस जण, म्हाताऱ्यासुद्धा, पेटीसकट. मी तावातावानं खाली गेले.

जस्टिननं हात जोडले. "वर येत न्हाई, बाई. आमी खालीच थांबतो. खालच्या जागंला भाडं न्हाई ना?"

माझंच गणित त्यानं परत केलं. मला!

रखवालदार शिट्टी फुंकत आला. त्याला जस्टिननं पेढा दिला. मग त्यांनी अर्धा तास गीतं म्हटली, मोटरसायकलींच्या मध्ये उभं राहून. वर प्रभुदास खिडकीशी, गज धरून. त्यांच्यामागे गोरक्षनाथ उशी धरून. "तुमची मानसं गातात झ्याक," म्हणे. "आमच्याकडं आसं कुनी येत न्हाई. बिल कितीय तेवढं इचारायला येतात."

पाळकसाहेबांनी खालूनच हात वर करून आशीर्वाद दिला. यांनी डोकं लववलं. मी जिन्यात उभी होते. पुढे गेले नाही, मागेही आले नाही.

जाताना जस्टिन हळूच – "रागावला का, बाई?"
म्हटलं, "पेटी सुरात नव्हती."

१६ जुलै

सर्व कागद पुन्हा तपासले. डॉक्टरांची नावं चार, चारही पॅनेलवर. खोली ठीक. मंजुरी ठीक. दिपाली म्हणाली, "मॅडम, तुमच्या फाइलीला आख्खं हॉस्पिटल घाबरून हाय. मोठे सर म्हनले, त्या बाईंच्या पेशंटला खाट हलवायची आसली तरी विचारून हलवा." मला बरं वाटलं, खोटं कशाला लिहू.

संध्याकाळी यांचे छातीवरचे केस काढले. पिसं काढलेल्या कोंबडीसारखे दिसताय म्हटलं. "मग आता मसाला वाट," म्हणाले. जेनिफर पहाटेच्या बसनं निघेल, उद्या नऊपर्यंत पोचेल.

दिवा मालवताना – "हेडबाई, पास करणार का आम्हाला?"
"निकाल उद्या."

माझा हात धरला. गोरक्षनाथ जागेच होते, पण त्या माणसानं डोक्यावरून पांघरूण ओढून घेतलं.

१७ जुलै, गुरुवार

सात चाळीसला आत नेलं.

साडेअकराला दार उघडलं. सर्जनचे सहायक समोरून घाईनं निघून गेले, मग परत येऊन माझ्यापुढे थांबले – हातात फाइल, वर तो लाल कागद. "बाई, हृदयाला आधार द्यायला मांडीतून नळी घातली होती. तिथली रक्तवाहिनी फाटली. रक्तवाहिन्यांचे सर्जन सावेडीत आहेत, वीस मिनिटांत येतील. पण ते पॅनेलवर नाहीत. तुमची अट आहे, म्हणून विचारायला आलो. फोन अजून केलेला नाही."

अजून केलेला नाही!

मला शोधायला ते आधी खोलीत गेले, मग खाली काउंटरवर. मी इथेच दाराजवळच्या बाकावर होते, त्यांना माझा चेहरा माहीत नव्हता. सही केली, फाइल त्यांच्या हातात कोंबली, पळा म्हटलं. अकरा छत्तीस. सहा मिनिटं.

दिपालीजवळ दिलं – बाहेरच्या डॉक्टरांच्या फीसाठी चेक एक. सही माझी. नाव कोरं. रक्कम कोरी. पोच घेतली नाही. येणाऱ्या डॉक्टरांचं नाव विचारलं नाही.